सिमवरचा पुसलेला मेसेज

सिम कार्डवरून मेसेज पुसला की पुरावा संपला, असं समजून अनेक जण निर्धास्त होतात. पुष्कळदा तो संपलेला नसतो.

सिमवर प्रत्येक एसएमएससाठी १७६ बाइटची जागा राखलेली असते. पहिला बाइट फक्त स्थिती सांगतो: वाचलेला, न वाचलेला की जागा मोकळी. बरेच फोन, विशेषतः जुने साधे फोन, डिलीट करताना एवढा एकच बाइट शून्य करतात. पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ, मजकूर तसाच राहतो आणि नवा मेसेज तिथे येईपर्यंत कार्ड रीडरने वाचता येतो. काही फोन मात्र सगळी जागा पुसतात. तिथे हाती काही लागत नाही.

मराठी मेसेजची अडचण आणखी वेगळी. रोमन लिपीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०च, आणि त्यात काना-मात्रा-वेलांटीही स्वतंत्र मोजल्या जातात. त्यामुळे चार ओळींचा निरोप दोन-तीन जागांत विभागला जातो. त्यातली एक जागा नव्या मेसेजने घेतली, की निरोप तुटका मिळतो. तो तुटकाच न्यायालयापुढे ठेवायचा. मधले शब्द अंदाजाने भरायचे नाहीत.

मला त्याहून मोलाची वाटते ती ठिकाणाची नोंद. फोन शेवटी कोणत्या लोकेशन एरियात नेटवर्कला जोडलेला होता, त्याचा क्रमांक सिमवर असतो. एका एरियात अनेक टॉवर येतात, म्हणून कुर्ल्यातली नेमकी चाळ कळणार नाही. पण फोन कल्याणला होता की कुलाब्याला, हे कळू शकतं. जप्त केलेला फोन चौकीत कुणी सहज चालू केला, तर ही नोंदच बदलते. शिवाय रखडलेले एसएमएस येऊन पुसलेल्या मेसेजच्या जागा व्यापू शकतात. सिग्नल अडवणारी पिशवी म्हणूनच पंचनाम्याच्या वेळी हवी; कलिना इथल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत मुद्देमाल पोहोचेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

पिन तीनदा चुकला की कार्ड लॉक होतं, ते उघडणारा कोड, म्हणजे पीयूके, दहादा चुकला की कायमचं निकामी. पीयूके कंपनीकडून रीतसर मागवावा.

स्मार्टफोनमधले मेसेज आता मुख्यतः फोनच्याच मेमरीत असतात, व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पा तर सिमवर नसतातच. तरी सिमवर १५ अंकी आयएमएसआय, म्हणजे नेटवर्कला ग्राहकाची ओळख पटवणारा क्रमांक, उरतो. तो ४०४९२ ने सुरू झाला, तर कार्ड एअरटेलच्या मुंबई सर्कलचं. त्यावरून कंपनीकडे ग्राहकाची माहिती मागता येते, आणि नाव नसलेल्या कार्डामागचा माणूस शोधायला तिथूनच सुरुवात होते.