टेन्स मशीन घरी नेण्यापूर्वी

दुकानात येणारे बहुतेक जण 'करंटचं मशीन द्या' असंच मागतात. फिजिओथेरपीला दहा-बारा दिवस जाऊन आलेले असतात, करंट घेतल्यावर बरं वाटलेलं असतं, आणि रोज रिक्षाने जाण्यायेण्यापेक्षा घरी मशीन असलेलं बरं असा हिशोब असतो. हिशोब चुकीचा नाही. पण फिजिओकडचं मोठं मशीन पुष्कळदा आयएफटीचं (इंटरफेरेन्शियल थेरपीचं) असतं, त्याचा करंट वेगळा. आम्ही देतो ते टेन्स: तळहातावर मावणारं, ९ व्होल्टच्या बॅटरीवर किंवा चार्जिंगवर चालणारं, सोबत वायरी आणि चिकट पॅड. तिथे जाणवलं तंतोतंत तसंच घरी जाणवेल असं नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मशीन नेमकं काय करतं

कोपर दाराला आपटलं की आपला हात आपोआप तिथे जातो आणि आपण चोळायला लागतो. चोळल्याने मार नाहीसा होत नाही, तरी कळ थोडी बसते. असं का होतं, याची मांडणी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ साली केली. दुखण्याचा निरोप नेणारे बरेचसे मज्जातंतू अगदी बारीक असतात. त्यांतून निरोप सेकंदाला साधारण अर्धा ते दोन मीटर एवढ्या संथपणे जातो. स्पर्शाचे तंतू जाड, त्यांचा वेग याच्या कितीतरी पट. दोन्ही निरोप पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतात, आणि तिथे स्पर्शाच्या निरोपांची गर्दी झाली की दुखण्याच्या निरोपाला पुढची वाट अरुंद होते. टेन्स ही गर्दी करून देतं. विजेचे हलके ठोके कातडीतून जाड तंतूंना जागं करतात, म्हणजे चोळण्याचंच काम न थकता अर्धा तास चालतं.

कल्पना तशी फार जुनी. पहिल्या शतकातला रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने लिहून ठेवलंय, की पायाच्या गाऊटसाठी रुग्णाला समुद्राच्या ओल्या वाळूत जिवंत विजेच्या माशावर उभं करावं, पाय बधिर होईपर्यंत. आज त्या माशाच्या जागी बटण आहे आणि करंट आपल्या ताब्यात आहे.

पॅड लावणं आणि करंट वाढवणं

निम्म्या तक्रारी इथेच सुटतात, म्हणून सावकाश वाचा.

ज्या जागी पॅड लावायचे ती साबणाने धुऊन कोरडी करा. खोबरेल, महानारायण तेल, बाम यातलं काहीही अंगावर असेल तर पॅड नीट चिकटत नाही, कडा सुटतात आणि उरलेल्या छोट्या भागातून सगळा करंट जाऊन चुरचुरतं. 'मशीन चावतं' म्हणून जी मशीनं परत येतात, त्यातली कितीतरी या तेलामुळे आलेली असतात. मालिश करायची असेल तर मशीननंतर करा.

गुडघ्याला पॅड वाटीवर लावू नका, वाटीच्या दोन्ही बाजूंना लावा. कंबरेला मणक्याच्या डाव्या-उजव्या बाजूला लावा, मणक्याच्या हाडावर नको. दोन पॅडमध्ये किमान दोन बोटांचं अंतर ठेवा. मशीन बंद असताना पॅड लावायचे, करंट शून्यावर आहे हे बघायचं, मग चालू करायचं. काढतानाही आधी मशीन बंद, मग पॅड.

मग करंट एकेक पायरी वाढवत न्या. आधी काहीच कळणार नाही, मग मुंग्या आल्यासारखं वाटेल, मग ठळक झिणझिण्या. ठळक पण सुसह्य, इथे थांबा. फार हलका ठेवला तर उपयोग होत नाही, आणि दात-ओठ खाऊन सोसण्यात काही फायदा नाही. पाच-दहा मिनिटांनी झिणझिण्या कमी वाटायला लागतात. मशीन बिघडलेलं नसतं, शरीराला सवय झालेली असते. एखादी पायरी वाढवा.

ठोक्यांचा वेग ८० ते १०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तेवढे ठोके, ठेवून सुरुवात करा, वेळ २० ते ३० मिनिटं. यात आराम लवकर मिळतो, पण मशीन काढल्यावर लवकर ओसरतोही. दुसरी पद्धत २ ते ४ हर्ट्झची, त्यात स्नायू टकटक उडताना दिसतो. तिचा आराम उशिरा येतो, काहींना जास्त वेळ टिकतो. ती फिजिओथेरपिस्टला विचारून वापरा. रोज तेच सेटिंग दिवसातून चार-चार वेळा लावलं तर काही दिवसांनी परिणाम बोथट होतो.

बधिर कातडीवर नको

यामागे आमच्याच दुकानातली एक चूक आहे. एका काकांनी तळपायाच्या दुखण्यासाठी मशीन नेलं. बरीच वर्षं शुगर होती, आणि आम्ही ते विचारलंच नाही. काहीच जाणवत नाही म्हणून ते करंट वाढवत गेले, पार शेवटपर्यंत. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा तळव्यावर पॅडच्या आकाराचे दोन लाल चट्टे होते, एका ठिकाणी कातडी सोललेली. शुगरवाल्याच्या पायाची जखम किती महागात पडू शकते हे वेगळं सांगायला नको. जखम भरली, पण ती घडायलाच नको होती. तेव्हापासून मशीन देण्याआधी आम्ही डोळे मिटायला सांगतो आणि त्या जागी कापसाचा बोळा फिरवतो. कळलं नाही तर मशीन देत नाही. राग मानू नका.

आणखी कुणी लावू नये

पेसमेकर किंवा छातीत बसवलेलं दुसरं कुठलंही विजेचं यंत्र असेल तर हृदयाच्या डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय अजिबात नाही. गरोदरपणात पोटावर आणि कंबरेवर नाही. फिट येत असेल तर डोकं-मानेजवळ नाही. गळ्याच्या पुढच्या बाजूला, डोळ्यांवर आणि छातीच्या आरपार कुणीच लावायचं नाही. पायात रक्ताची गाठ झालेली असेल, कॅन्सरची गाठ असेल, कातडी फाटलेली किंवा पुरळ आलेली असेल, तर त्या जागी नाही. आंघोळीत, झोपेत, गाडी चालवताना आणि मशीन चार्जिंगला लावलेलं असताना नाही.

छातीत दाब, डाव्या हाताला कळ, सोबत घाम, असं असेल तर मशीन शोधत बसू नका, १०८ ला फोन करा. कंबरदुखीबरोबर पायातली ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला, ताप आहे किंवा वजन उतरतंय, तर आधी डॉक्टर.

किती गुण येईल

खरं ते सांगतो. ३८१ चाचण्या एकत्र करून २०२२ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. मशीन चालू असताना आणि लगेच नंतर दुखणं कमी होतं असं त्यात दिसलं. पण चाचण्यांपैकी बऱ्याच लहान होत्या. दुसरीकडे, कोणते उपचार द्यावेत हे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शनात कंबरदुखीसाठी टेन्स देऊ नये असं म्हटलंय. पाळीच्या पोटदुखीत पुष्कळ जणींना फायदा होतो. झिजलेला गुडघा यामुळे भरून येत नाही, दबलेली नस सुटत नाही, आणि पोट तर मुळीच कमी होत नाही, जाहिरातीत काहीही दाखवोत. आमच्या मते मशीनचा खरा उपयोग त्या मिळालेल्या तास-दोन तासांत आहे. गुडघा हलका वाटतोय तेवढ्यात फिजिओने सांगितलेले व्यायाम करून घ्या, एक फेरी मारून या. मशीन लावून नुसतं पडून राहणाऱ्यांपेक्षा असं करणारे आमच्याकडे समाधानाने परत येतात.

पॅडची निगा

पॅड कडेला धरून काढा, वायर ओढू नका, आतली तार तुटते. वापर झाला की प्लॅस्टिकच्या कागदावर चिकटवून पाकिटात बंद करा. मे महिन्यात कपाटावर उघडे ठेवले तर आठवड्यात सुकतात. चिकटपणा कमी झाला तर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरून दोन मिनिटं थांबा. तरीही कडा उचलल्या तर नवीन घ्या. पॅड एकेकाचे वेगळे ठेवा, घरात सासूबाईंचे सुनेला नकोत.

पहिल्यांदा मशीन दुकानातच लावून बघा. वीस मिनिटं लागतात, खुर्ची आहे, पंखा आहे. गुडघ्यासाठी येणार असाल तर सैल सलवार किंवा लेंगा घालून या, आणि त्या दिवशी तेल लावू नका.