शिडाला वेळ हवा

1910 सालच्या नोव्हेंबरातली रात्र. इंग्लिश खाडीत एका प्रवासी आगबोटीला समोरून शिडाचं जहाज येताना दिसलं. शिडाचं म्हणजे संथच असणार, असं धरून आगबोट त्याच्या पुढ्यातून निसटायला गेली आणि अंदाज साफ चुकला. ते जहाज होतं जर्मनीचं 'प्रॉयसेन': पाच डोलकाठ्या, पोलादी सांगाडा, जवळपास दीडशे मीटर लांबी, आणि वारा मनासारखा मिळाला तर ताशी 16 सागरी मैलांच्या वर वेग. टक्कर झाली. पुढे डोव्हरच्या किनाऱ्याजवळ खडकांत रुतून ते कायमचं संपलं.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. शिडाची जहाजं हळू होती म्हणून मागे पडली, ही आपली समजूत तो खोडून काढतो. चिलीचं नायट्रेट दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून युरोपात आणण्यासाठी 'प्रॉयसेन'सारखी जहाजं विसाव्या शतकातही बांधली जात होती. एवढ्या लांबच्या वाटेवर आगबोटीच्या पोटातली बरीच जागा कोळसाच खाई.

शिडं उतरली ती घड्याळामुळे. आगबोट कोणत्या तारखेला बंदराला लागेल हे आधी सांगता येई. शिडाचं जहाज विषुववृत्ताजवळच्या निर्वात पट्ट्यात अडकलं, तर दिवसच्या दिवस जागचं हलत नसे. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, तोही वाफेच्याच सोयीचा ठरला. त्याच वर्षी चीनचा चहा आणण्यासाठी बांधलेलं 'कटी सार्क' पाण्यात उतरलं, आणि काही वर्षांतच त्याला चहा सोडून ऑस्ट्रेलियाची लोकर वाहावी लागली.

त्या घड्याळाची किंमत आपण आज मोजतो आहोत. जगाच्या व्यापारातला 80 टक्क्यांहून अधिक माल समुद्रातून जातो आणि माणसाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे 3 टक्के जहाजांतून बाहेर पडतात. म्हणजे वर्षाला साधारण 100 कोटी टन. मोठ्या जहाजांत अनेकदा वापरलं जाणारं इंधन तेलशुद्धीकरणाच्या तळाशी उरलेला गाळ असतो. गार असताना इतका घट्ट, की तापवल्याशिवाय नळीतून नीट वाहतही नाही.

इथे एक साधं गणित आहे, आणि माझ्या मते सगळा विषय त्यातच आहे. पाणी कापत जायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जहाज ताशी 20 सागरी मैलांवरून 16 वर आलं, तर इंजिनाला जवळपास निम्मीच शक्ती पुरते. प्रवास सव्वापट लांबतो, तरीही त्या फेरीचं इंधन एक तृतीयांशाहून जास्त वाचतं. आता त्याच जहाजावर शीड चढवा. गरज निम्म्यावर आल्यामुळे वाऱ्याने दिलेला तेवढाच जोर गरजेचा कितीतरी मोठा हिस्सा भागवतो. घाईत असलेल्या जहाजाला शीड फारसं उपयोगाचं नाही.

वारा शिडाला मागून ढकलतो, हे अर्धंच खरं. वारा बाजूने येतो तेव्हा शीड विमानाच्या पंखासारखं काम करतं: फुगीर बाजूने हवा वेगाने सरकते, तिथला दाब घटतो आणि शीड तिकडे ओढलं जातं. शर्यतीच्या होड्यांवर शिडाच्या दोन्ही अंगांना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे आडवे, शांत, मागे वाहत राहिले की शिडाचा कोन बरोबर. एखादा फडफडायला लागला की त्या बाजूला हवा शिडापासून सुटली. मग खलाशी दोर थोडा ताणतो किंवा सैल सोडतो. आज हेच काम संवेदक आणि मोटारी करतात. 2023 मध्ये 'पिक्सिस ओशन' या मालवाहू जहाजावर साडेसदतीस मीटर उंचीचे दोन ताठ पंख बसवले. सहा महिन्यांच्या चाचणीत दिवसाला सरासरी 3 टन इंधन वाचल्याचं सांगितलं गेलं. एरियान 6 रॉकेटचे भाग युरोपातून फ्रेंच गयानाला नेणाऱ्या 'कानोपे'वर असे चार पंख आहेत. कल्पना जुन्याच आहेत. आंतॉन फ्लेट्नर यांनी 1924 मध्येच 'बुकाऊ'वर शिडांऐवजी फिरते, वाऱ्यातून शिडासारखाच जोर मिळवणारे उभे दंडगोल लावून दाखवले होते. तेव्हा इंधन स्वस्त होतं, म्हणून ते मागे पडले. आता तेच दंडगोल जहाजांवर परत चढत आहेत.

निव्वळ वाऱ्यावर चालणारी जहाजंही आहेत. डच 'त्रेस होंब्रेस'ला इंजिनच नाही. रम, कोको, कॉफी घेऊन ते अटलांटिक ओलांडतं. त्या खलाशांबद्दल मला मनापासून आदर आहे, पण त्याच्या पोटात मावतो जेमतेम 35 ते 40 टन माल. शिवाय जुन्या शिडांचा काळ रम्यही नव्हता. 1957 मध्ये 'पामिर' वादळात सापडलं, मोकळं भरलेलं सातूचं धान्य एका बाजूला सरकलं, आणि जहाजावरच्या 86 जणांपैकी 6 जण वाचले.

शिडापेक्षा मोठी अडचण कागदावर आहे. कित्येक भाडेकरारांत 'शक्य तितक्या त्वरेने' बंदर गाठण्याची अट असते. जहाज इंधन जाळत धावत येतं आणि धक्का मोकळा नाही म्हणून बंदराबाहेर नांगर टाकून दिवस काढतं. धक्का कधी रिकामा होईल ते पाहून वेग ठरवण्याची मुभा देणारी कलमं अलीकडे करारांत येऊ लागली आहेत. पंख बसवण्याइतकाच जोर या कलमांवरही द्यायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. नांगर टाकून वाया जाणारे ते दिवस प्रवासात घातले, की जहाजाला वेग उतरवता येतो, वाट वाकडी करून चांगला वारा गाठता येतो.