ओट मिल्क, एक्स्ट्रा हॉट, साखर नको

पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही कॉफी शॉपच्या काउंटरपाशी जरा वेळ थांबलं की कानावर पडतं, "कॅपुचिनो, पण एक्स्ट्रा हॉट." "लाटे, ओट मिल्कमध्ये, साखर नको." "आइस्ड, डबल शॉट, सिरप अर्धंच." मेनूवर हे पर्याय सुटे सुटे दिसतात, हवं ते घ्या, नको ते वगळा. कपात मात्र ते एकमेकांत गुंतलेले असतात. एक हलवलं की दुसरं हलतं, आणि बरेचदा आपल्याला नको असतं तेच.

'एक्स्ट्रा हॉट' ही आपली खास लाडकी फर्माईश. उकळत्या चहावर वाढलेल्या जिभेला कॅपुचिनो कोमट लागते, कारण बरिस्ता, म्हणजे कॉफी बनवणारा, दूध ६० ते ६५ अंश सेल्सिअसलाच थांबवतो. तो आळस नव्हे. वाफेच्या नळीतून दुधात हवा शिरते तेव्हा दुधातली प्रथिनं प्रत्येक बुडबुड्याभोवती पातळ पापुद्रा धरतात. मऊ, चकचकीत फेस होतो तो त्यामुळे. तापमान ७० अंशांच्या पुढे गेलं की बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनाची घडी उलगडते, त्यात दडलेले गंधकाचे अणू उघडे पडतात आणि उकळलेल्या दुधाचा वास सुटतो. घरी सायीसकट तो वास आवडतो हे मान्य, पण इथे तो कॉफीचा सुगंध झाकून टाकतो, आणि फेसही जाडाभरडा होतो.

वाफेने दुधातलं लॅक्टोज फुटतं आणि म्हणून दूध गोड होतं, असं सांगणारे भेटतात. तसं होत नाही. तेवढ्या उष्णतेने लॅक्टोजला काही होत नाही. फरक पडतो तो जिभेत. गोड चवीचा निरोप पुढे पाठवणाऱ्या पेशींमध्ये टीआरपीएम५ नावाची एक वाहिनी असते. साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान तापमान चढेल तसं तिचं काम जोरात चालतं, असं २००५ साली 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. वितळलेलं आइस्क्रीम नको इतकं गोड लागतं ते याचमुळे. म्हणजे बर्फ घातलेल्या कॉफीत 'सिरप अर्धंच' सांगितलं, तर गोडी निम्म्याहूनही कमी जाणवते. आणि थंड पेयात साखरेऐवजी सिरप का, तर गार पाण्यात साखर सावकाश विरघळते आणि बरीचशी तळाशीच बसते.

ओट मिल्कची गंमत वेगळीच आहे. ओट्समधल्या पिष्टाने पेय खळीसारखं दाट होऊ नये म्हणून कारखान्यात त्यावर अमायलेज हे विकर सोडतात. ते पिष्टाचे तुकडे करतं आणि त्यातून माल्टोज ही साखर तयार होते. वरून चमचाभरही साखर न घातलेलं ओट मिल्क गोडसर लागतं ते तिच्यामुळे. 'साखर नको' म्हणणाऱ्या मधुमेही माणसाने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

सोया मिल्क वेगळा त्रास देतं. कॉफी जराशी आम्लधर्मी असते, तिचा पीएच (आम्लतेचं माप) साधारण ५ असतो, आणि सोयाची प्रथिनं त्याच्याच आसपास आपला विद्युतभार गमावून एकमेकांना चिकटतात. वर उष्णता असेल तर काम आणखी लवकर होतं आणि कपात पनीरासारख्या गुठळ्या तरंगू लागतात. म्हणून सोया, डबल शॉट आणि एक्स्ट्रा हॉट या तिन्ही गोष्टी एकत्र मागणं म्हणजे गुठळ्यांना आमंत्रण. 'बरिस्ता' असं छापलेल्या खोक्यांतल्या वनस्पतिजन्य दुधात बहुधा फॉस्फेट क्षार घातलेले असतात. ते आम्लता आवरून धरतात, त्यामुळे दूध फाटायचं टळतं.

डबल शॉटची बाब पोटापेक्षा झोपेची. एका शॉटमध्ये, म्हणजे छोट्या कपभर कडक एस्प्रेसोत, साधारण ६० मिलिग्रॅम कॅफिन असतं, दोन शॉटमध्ये त्याच्या दुप्पट. प्रौढ माणसाच्या रक्तातून निम्मं कॅफिन जायला सरासरी पाचेक तास लागतात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या दोन शॉटपैकी रात्री अकराला एक शॉट अंगात असतोच. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हा काळ जवळजवळ दुप्पट होतो, धूम्रपान करणाऱ्यांमध्ये कमी. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानलं.

डीकॅफमध्येही, म्हणजे कॅफिन काढून टाकलेल्या कॉफीतही, काही मिलिग्रॅम कॅफिन उरतंच. तरीही कुणी 'डबल शॉट डीकॅफ' मागितली तर हसू नये. काहींना कॉफीची चवच हवी असते, आणि सकाळी लवकर उठायचंही असतं.