रेस, क्लास आणि ‘जाती’चा गुंता : पार्श्वभूमी

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, गोष्ट रचत आणि फासे टाकत खेळायच्या खेळाचं पात्र मराठीतून बनवायला बसलं की कागदावरच्या पहिल्या दोनच रकान्यांशी गाडी अडते. ‘रेस’चं (पात्र जन्माने माणूस, की एल्फ, ड्वार्फ यांसारखा काल्पनिक जीव) भाषांतर करायला जावं तर टेबलावर ‘तुझी जात कोणती?’ असा प्रश्न येतो. ‘क्लास’ (पात्राचं खेळातलं काम: लढवय्या, जादूगार वगैरे) म्हटलं की नवख्याला शिकवणी आठवते, म्हणून ‘वर्ग’ सुचतो. कोल्हापुरात ‘जात’ आणि ‘वर्ग’ हे दोन्ही शब्द जास्तच जड. करवीर दरबाराने २६ जुलै १९०२ रोजी रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के सरकारी जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हापासून ‘जात’ आणि ‘वर्ग’ इथे सहज तोंडातून निसटणारे शब्द उरलेले नाहीत.

खेळातही जन्म आणि काम यांची गाठ सुरुवातीला पक्की होती. १९७४ च्या नियमांत क्लास तीनच, आणि ड्वार्फने फक्त लढवय्याच व्हायचं, तेही सहाव्या लेव्हलपर्यंत. १९८१ च्या सोप्या आवृत्तीत तर एल्फ हाच एक क्लास. प्रगत आवृत्तीत, म्हणजे १९७८ पासून, दोन्ही गोष्टी वेगळ्या निवडता येत. पण पॅलाडिन, म्हणजे धर्मयोद्धा, व्हायला माणूसच असावं लागे आणि करिश्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) ही क्षमता किमान १७. तीन फाशांच्या सरळ टाकीत १७ किंवा १८ पडण्याची शक्यता ५४ त १. रेसवरून घातलेली ही बंधनं २००० साली गेली.

गेली ती उघड बंधनं. आकड्यांतून तीच गाठ पुढे वीस वर्षं टिकली, आणि आज टेबलावर होणारे बहुतेक वाद तिथलेच आहेत. २०१४ च्या नियमांत अर्ध-ऑर्क या रेसला ताकदीत २ आणि काटकपणात १ वाढ मिळे, नोम या रेसला बुद्धीत २. फासे न टाकता सहा क्षमतांना वाटायचे ठरावीक आकडे १५, १४, १३, १२, १०, ८. दोघांनी विझर्ड (जादूगार) हा क्लास घेऊन बुद्धीला १५ लावले तर नोमचे होतात १७, म्हणजे फाशात +३ ची भर. अर्ध-ऑर्क १५ वरच, म्हणजे +२. फरक एकाचाच, पण तो मंत्राच्या प्रत्येक हल्ल्यात आणि शत्रूच्या प्रत्येक बचावात ५ टक्क्यांनी आडवा येतो, शिवाय पहिल्या लेव्हलला तयार मंत्र चाराऐवजी तीनच. कुणी मनाई केलेली नव्हती, तरी अर्ध-ऑर्क विझर्ड क्वचितच दिसायचा. २०२० मध्ये ही वाढ हवी तिथे हलवण्याचा ऐच्छिक नियम आला. ‘सगळे एकसारखे झाले’ अशी ओरड तेव्हा झाली. ती फारशी खरी नव्हती, कारण अंधारात दिसणं, विषाला दाद न देणं हे रेसचे गुण जिथल्या तिथेच होते.

मग डिसेंबर २०२२ मध्ये प्रकाशकांनी ‘रेस’ हा शब्दच सोडत असल्याचं जाहीर केलं. २०२४ च्या पुस्तकात त्या जागी ‘स्पीशीज’ आला. इंग्रजीत प्रश्न तिथे मिटला असेल. मराठीत तो फिरून दारात आला. जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत स्पीशीज म्हणजे ‘जाती’! ‘प्रजाती’ वर्तमानपत्रांत चालतं, पण कोशांत तो शब्द अनेकदा एक पायरी वरच्या गटासाठी येतो. ‘वंश’ कानाला बरा, पण तो घराण्याकडे ओढतो. त्यातल्या त्यात ‘प्रजाती’च सोयीचा, कारण त्यावरून कुणी कुणाचं आडनाव विचारत नाही.

क्लासचं ‘वर्ग’ करू नये हे वर आलंच. ‘पेशा’ही अडचणीचा. नव्या नियमांत क्षमतेची वाढ प्रजातीकडून काढून बॅकग्राउंडला दिली आहे, आणि बॅकग्राउंड म्हणजे साहसावर निघण्याआधीचा पेशाच: सैनिक, विद्वान, गुन्हेगार. दोन रकान्यांना एकच शब्द दिला की नवखा हमखास गोंधळतो. म्हणून बॅकग्राउंडला ‘पूर्वायुष्य’ म्हणावं आणि क्लासला क्लासच राहू द्यावं. सुटी नावं मात्र मराठीत मस्त बसतात. बार्डला (गाण्या-वाजवण्यातून जादू करणाऱ्याला) शाहीर चपखल. मंकला ‘भिक्षू’ म्हणून भागत नाही, तो नुसत्या हातांनी लढतो. त्यापेक्षा तालमीतला मल्ल जवळचा.

आता निवडीचा क्रमही बदलतो: आधी क्लास, मग त्या क्लासच्या मुख्य क्षमतेला वाढ देणारं पूर्वायुष्य, प्रजाती शेवटी. विझर्डला ‘विद्वान’ घेतलं तर बुद्धी वाढते. ‘सैनिक’ घेतलं तर वाढ ताकद, चपळाई आणि काटकपणा यांतच वाटावी लागते, बुद्धीला काहीच नाही. वाढ एकीला २ व दुसरीला १, किंवा तिन्हींना एकेक.

जुनं-नवं पुस्तक एकत्र वापरणाऱ्या टेबलांवर हमखास होणारी चूक म्हणजे दुहेरी वाढ. जुना नोम आणि नवा ‘विद्वान’ जोडून बुद्धी १५ ची थेट १९ केली जाते. नियम स्पष्ट आहे: जुन्या पुस्तकातली प्रजाती घेतली तर तिच्यासोबतची वाढ सोडून द्यायची. ठरावीक आकड्यांच्या पद्धतीत पहिल्या लेव्हलला १७ च्या वर काही दिसलं की कागद परत द्यावा.