लंगडणं थांबलं, म्हणजे घोडा बरा झाला?

घोडा का अडला, भाकरी का करपली? न फिरवल्यामुळे, हे उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. लांब पल्ल्याच्या घोडदौडीतले पशुवैद्यही घोड्याचं दुखणं ओळखायला हेच करतात. घोडा फिरवून पाहतात.

कॅलिफोर्नियातली टेव्हिस कप ही अशा दौडींतली नावाजलेली. 1955 साली सुरू झाली. ताहो सरोवराजवळून निघायचं आणि सिएरा नेवाडाच्या डोंगरदऱ्या ओलांडून ऑबर्न गावी पोचायचं: 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटर, 24 तासांत. निघालेल्यांपैकी साधारण निम्मेच घोडे दौड पुरी करतात. नुसतं पोचूनही भागत नाही. घोडा अजून पुढे जाण्याच्या स्थितीत आहे असं पशुवैद्याने सांगितलं, तरच दौड पुरी झाली असं धरतात.

आता समजा, दौडीच्या तीन आठवडे आधी घोड्याला काहीतरी बारीकसं लागलं. नेणं की ठेवणं?

आधी त्याला कडक, सपाट जमिनीवर दुडक्या चालीने पळवतात. या चालीत एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा असे तिरपे पाय जोडीने पडतात आणि दोन्ही बाजूंवर सारखा भार येतो, त्यामुळे फरक चटकन दिसतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली टाकतो. मागचा पाय दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. दोरी मात्र ढिली हवी. आखडून धरली तर मान हलतच नाही (मोतद्दारांना हे चांगलं ठाऊक असतं).

तरीही डोळा फसतो. अमेरिकेत 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकेक घोडा एकाहून जास्त अनुभवी पशुवैद्यांनी तपासला. ठळक लंगडणाऱ्या घोड्यांबाबत त्यांचं 93 टक्के वेळा एकमत झालं. किंचित लंगडणाऱ्यांबाबत ते 62 टक्क्यांवर घसरलं. आणि आपला प्रश्न नेमका किंचित दुखण्याचाच आहे.

म्हणून नाडीचीही साक्ष काढतात. आरामात उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला 28 ते 44 असतात. दौडीच्या थांब्यावर ते 60-64 पर्यंत उतरले की मोजायचे, घोड्याला जवळपास 75 मीटर दुडकवायचं आणि मिनिट भरताच पुन्हा मोजायचे. दुसरा आकडा पहिल्याच्या बराच वर गेला, तर घोडा दमलाय, त्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय, नाहीतर कुठेतरी दुखतंय.

पण खरा घोळ होतो तो जखमेच्या आकारावरून. खांद्यावर वीतभर कातडी फाटली की मालक हबकतो, आणि ती बहुधा टाके घातल्यावर भरून येते. गुडघ्याजवळ काट्याने पडलेलं टाचणीएवढं भोक मात्र सांध्याच्या पोकळीपर्यंत गेलेलं असू शकतं. तिथे जंतू पोचले तर घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. खुराच्या तळव्याला दगड लागला असेल, तर नालबंद चिमट्याने तळवा दाबून नेमकी जागा शोधतो. असा मुका मार काही दिवसांत किंवा आठवड्यांत उतरतो. त्यानंतर घोडा नेला तर माझी हरकत नसेल.

कंडरा दुखावली असेल तर गोष्ट वेगळी. पायाच्या मागच्या बाजूची ही दोरी प्रत्येक टापेला ताणली जाते आणि आखडते. भरधाव पळताना तिचा गाभा 45 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. रक्तपुरवठा मात्र तुटपुंजा. सूज आणि लंगडणं दोन-तीन आठवड्यांत जातं, पण मूळ धाग्यांच्या जागी कमजोर, वेडेवाकडे धागे भरतात. ते भार पेलण्याजोगे व्हायला नऊ महिने ते वर्ष लागतं. घोडा सरळ चालतोय म्हणून मालक खूश, आणि त्याच काळात कंडरा पुन्हा तुटते. सोनोग्राफी केल्याशिवाय इथे कुणाच्याही डोळ्यांवर विसंबू नये. वेदनाशामक देऊन घोडा उतरवण्यावर स्पर्धांत बंदी आहे ती यामुळेच. पाय उचलून धरायला लावणारी कळच गेली, तर घोडा दुखऱ्या पायावर पूर्ण भार टाकतो.

जाणते लोक आणखी एक काळजी घेतात. सरावाची लांब फेरी झाली की घोडा लगेच पाहून समाधान मानत नाहीत. तापलेल्या अंगात बारीक दुखणं लपतं. रात्रभर उभा राहून थंडावल्यावर, सकाळी, मालिश किंवा फिरवणं काही न करता, त्याला पुन्हा दुडकवतात. टेव्हिसमध्येही पहिल्या दहांतला सगळ्यात सुस्थितीतला घोडा निवडतात तो दुसऱ्या दिवशीच. हॅगिन कप नावाचं हे बक्षीस 1964 पासून दिलं जातं, आणि अनेक स्वारांना ते पहिल्या नंबरापेक्षा मोठं वाटतं.