तसबिरीतला माउंट : वसलीपासून आम्लरहित पुठ्ठ्यापर्यंत

मराठवाड्यातल्या एखाद्या वाड्यातली जुनी तसबीर उघडायला घेतली, की चित्र पुष्कळदा काचेला चिकटूनच बाहेर येतं. शाई आणि काच यांच्यात मोकळी जागाच ठेवलेली नसते; पावसाळ्यातला ओलावा तिथेच मुरत राहतो. चित्राभोवतीचा कोरा माउंट, म्हणजे मध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा, ही जागा राखायला असतो. शोभा नंतरची.

चित्राला पाठ आणि काठ देणं या मुलखाला नवं नव्हतं. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरचं कागजीपुरा हे हातकागदाचं गाव. तिथले कागदी, म्हणजे कागद बनवणारे कारागीर, आपलं मूळ महंमद तुघलकाने १३२७च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली त्या काळापर्यंत नेतात. चिंध्यांच्या लगद्याचा असा घोटीव कागद मोगल आणि दख्खनी चित्रकार एकावर एक चिकटवत, ती वसली. खळीत मोरचूद घालायचं, म्हणजे कसर लागत नाही. चित्र संग्रहात लावताना भोवती वेगळ्या कागदाचा हाशिया यायचा.

युरोपात अठराव्या शतकात पॅरिसचा संग्राहक मारिएत आपली रेखाटनं निळ्या माउंटवर लावी. जाड पुठ्ठ्यात खिडकी कापून चित्र आत बसवायची रीत पुढे एकोणिसाव्या शतकात संग्रहालयांनी रुळवली.

आपल्याकडे मात्र भिंतीवर आधी आली ती स्वस्त छापील चित्रं. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघर पोचल्या. फ्रेमवाल्याचं काम सोपं होतं : पुढे काच, मागे खोक्याची फळी, चार खिळे. माउंट कशाला? देवाचं चित्र काठोकाठच हवं असे.

पुढे माउंट आला तोही चुकीच्या पुठ्ठ्याचा. १८४०च्या दशकापासून लाकडाच्या लगद्याचा कागद निघू लागला होता. त्यात आम्ल तयार होतं आणि ते शेजारच्या कागदात उतरतं. खिडकीच्या तिरप्या कापावर आधी पिवळी, मग तपकिरी रेघ दिसते, आणि तशीच चौकट चित्रावर उमटते. हा डाग घरी पुसून जात नाही. कागद आम्लामुळे ठिसूळ होतो, हे अमेरिकेत कागद-संवर्धक विल्यम बॅरो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात प्रयोगांनी दाखवलं. नंतर आम्लरहित पुठ्ठ्यांची मागणी वाढली.

चिकटवण्याचंही तसंच. गरम प्रेसखाली चित्र पुठ्ठ्यावर बसवलं की सपाट दिसतं, पण सहसा परत सुटत नाही. क्रमांक टाकलेल्या, सही केलेल्या प्रिंटला हे करूच नये. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावलेल्या, पुरतात. बाकी चित्र सुटं लोंबू द्यावं, कारण मे महिन्यात आक्रसलेला कागद ऑगस्टमध्ये फुगतो, आणि चारी बाजूंनी चिकटवला असेल तर त्याला लाटा येतात. मागे हार्डबोर्ड ठोकण्याआधी मध्ये आम्लरहित पुठ्ठा घालायला फ्रेमवाल्याला आवर्जून सांगावं. न सांगता तो घालणारे थोडेच.