कामगार आयुक्तपदाची निवडणूक (अमेरिका)

अमेरिकेच्या बहुतेक घटकराज्यांत कामगार खात्याच्या प्रमुखाची नेमणूक राज्यपाल करतो. जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ओक्लाहोमा व ऑरेगन या चार राज्यांत मात्र हा अधिकारी, म्हणजे कामगार आयुक्त, मतदार थेट निवडून देतात. महाराष्ट्रातील कामगार आयुक्त हा शासनाने नेमलेला प्रशासकीय अधिकारी असल्यामुळे, पदनाम एकच असले तरी दोन्ही पदांची घडण भिन्न आहे.

पदाचे मूळ आकडेवारीच्या कार्यालयात आहे. १८६९ मध्ये मॅसॅच्यूसेट्स राज्याने कामगारविषयक माहिती गोळा करणारे कार्यालय स्थापन केले. ते अशा प्रकारचे पहिले मानले जाते. मजुरी किती, कामाचे तास किती, कारखान्यात मुले किती, एवढेच टिपून ठेवणे हे त्याचे काम होते. पुढील दोन-तीन दशकांत अनेक राज्यांनी हा कित्ता गिरवला. (मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये निघालेल्या कामगार कार्यालयाचा आरंभीचा भरही माहिती-संकलनावरच होता.) नॉर्थ कॅरोलायनातील कार्यालय १८८७ चे असून त्याचा प्रमुख आरंभी राज्यपाल नेमत असे; १८९९ च्या कायद्यानंतर, म्हणजे साधारणपणे १९०० च्या निवडणुकीपासून, तो लोकनियुक्त झाला. ऑरेगनमध्ये १९०३ साली पद निर्माण झाले. पहिले आयुक्त ओ. पी. हॉफ यांची प्रथम नेमणूक झाली व १९०६ पासून निवडणूक सुरू झाली. जॉर्जियात १९११ मध्ये वाणिज्य व कामगार असे जोडखाते स्थापन झाले आणि १९३७ मध्ये स्वतंत्र कामगार खाते अस्तित्वात आले.

नेमणुकीचे पद निवडणुकीचे का झाले, याविषयी एकमत नाही. एका मतानुसार ही कामगार संघटनांच्या दबावाची फलश्रुती होय. दुसऱ्या मतानुसार एकोणिसाव्या शतकात रुजलेल्या, शक्य तितकी पदे मतपत्रिकेवर आणण्याच्या प्रथेचा तो केवळ विस्तार आहे. दुसऱ्या मताला दक्षिणेकडील राज्यांत बराच आधार सापडतो, कारण तेथील अनेक राज्यांत कृषी, विमा, शिक्षण यांसारख्या खात्यांचे प्रमुखही निवडूनच येतात. केंटकीच्या १८९१ च्या घटनेत तर कृषी, कामगार व सांख्यिकी अशा तिन्ही विषयांसाठी एकच निर्वाचित आयुक्त होता. ओक्लाहोमाबाबत मात्र पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी, १९०६ मध्ये, शेतकरी संघटना, कामगार महासंघ व रेल्वे कामगारांच्या संघटना यांनी शॉनी येथे एकत्र येऊन भावी घटनेसाठी मागण्यांची यादी तयार केली आणि घटनासमितीचे उपाध्यक्षपद खाणकामगारांचे नेते पीटर हॅनराटी यांच्याकडे आले. १९०७ च्या घटनेने कामगार आयुक्तच नव्हे, तर मुख्य खाण निरीक्षकही लोकनियुक्त ठरवला. पुढे १९७० च्या दशकातील घटनादुरुस्तीने ओक्लाहोमाचे आयुक्तपद नेमणुकीचे झाले व १९८८ च्या मतदानाने ते पुन्हा लोकांकडे आले. त्यामुळे चारही राज्यांना एकच कारण लावण्यापेक्षा प्रत्येकाचा इतिहास वेगळा पाहणे इष्ट.

उमेदवार कशासाठी उभा आहे, हे पदनामावरून कळत नाही. ऑरेगनमधील आयुक्ताकडे थकीत वेतनाचे दावे, नोकरीतील भेदभावाच्या तक्रारी व शिकाऊ उमेदवारी हे विषय आहेत. स्त्रियांच्या कामावर दिवसाला दहा तासांची मर्यादा घालणारा तेथील १९०३ चा कायदा पोर्टलंडमधील एका धुलाई-कारखान्याच्या खटल्यात १९०८ साली सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला, आणि त्याची अंमलबजावणी याच आयुक्ताकडे होती. जॉर्जियात भर बेकारी विम्यावर आहे. नॉर्थ कॅरोलायनात कामाच्या ठिकाणची सुरक्षितता, बाष्पके (बॉयलर), जत्रेतील पाळणे आणि लिफ्ट यांची तपासणी आयुक्त करतो.

या तपासणीचे मोल नॉर्थ कॅरोलायनातील हॅम्लेट या गावातील दुर्घटनेवरून कळते. ३ सप्टेंबर १९९१ रोजी तेथील कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात तळणयंत्राजवळील द्रवदाबाची नळी निसटून आग लागली आणि २५ कामगार मृत्युमुखी पडले. बाहेर जाण्याची दारे कुलूपबंद होती. एका दारावर ते तोडण्यासाठी मारलेल्या लाथांच्या खुणा नंतर आढळल्या. अकरा वर्षे चाललेल्या या कारखान्याची सुरक्षा-तपासणी एकदाही झालेली नव्हती. तत्कालीन आयुक्त जॉन ब्रूक्स हे १९७७ पासून पदावर होते. १९९२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत हॅरी पेन यांनी त्यांचा पराभव केला. मतपत्रिकेच्या तळाशी असणारे हे पद मतदारांनी इतक्या बारकाईने पाहिल्याचे प्रसंग थोडेच आहेत, आणि त्यासाठी पंचवीस माणसांचे प्राण जावे लागले, ही खेदाची गोष्ट होय.

उमेदवाराची ओळख ही या निवडणुकीतील नेहमीची अडचण. नॉर्थ कॅरोलायनात चेरी बेरी (कार्यकाळ २००१–२०२१) यांनी प्रत्येक लिफ्टमधील तपासणी-प्रमाणपत्रावर आपले छायाचित्र छापण्यास सुरुवात केली. सही व तारखेशेजारचा तो हसरा चेहरा रोज जाता-येता दिसत असल्याने त्यांचे नाव राज्यभर झाले. त्यांचे उत्तराधिकारी जॉश डॉब्सन यांनी छायाचित्र वगळले. २०२४ मध्ये निवडून आलेले ल्यूक फार्ली यांनी ते परत आणण्याचे आश्वासन प्रचारात दिले होते. सरकारी प्रमाणपत्राचा असा उपयोग उचित आहे काय, हा प्रश्न उरतोच. मात्र तपासणीला कोण जबाबदार आहे हे प्रवाशाला त्यातून समजते, हेही नाकारता येत नाही.

मुदत चारही राज्यांत चार वर्षांची आहे. नॉर्थ कॅरोलायनात मतदान अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी, तर इतर तीन राज्यांत दोन अध्यक्षीय निवडणुकांच्या मधल्या वर्षी होते. ऑरेगनमध्ये १९९० च्या दशकापासून हे पद पक्षविरहित असून मे महिन्यातील प्राथमिक फेरीतच बहुमत मिळाले तर तेथेच निवड होते. व्हॅल हॉयल २०१८ मध्ये अशा प्रकारे निवडून आल्या, तर क्रिस्टिना स्टीव्हन्सन यांना २०२२ मध्ये नोव्हेंबरपर्यंत लढत द्यावी लागली. ओक्लाहोमात पक्षांतर्गत पहिल्या फेरीत बहुमत न मिळाल्यास दुसरी फेरी होते. लेस्ली ऑस्बॉर्न यांनी २०२२ मध्ये रिपब्लिकन उमेदवारी अशाच फेरीत मिळवली.

पद मुदतीपूर्वी रिक्त झाल्यास राज्यपाल नेमणूक करतो. ऑरेगनमध्ये ब्रॅड अवाकियन २००८ मध्ये असेच नेमले गेले आणि नंतर निवडणुका जिंकत गेले. जॉर्जियात ब्रूस टॉम्पसन यांचे नोव्हेंबर २०२४ मध्ये निधन झाल्यावर २०२५ मध्ये बार्बरा रिव्हेरा होम्स यांची नेमणूक झाली.